खंबाटकी घाट उतरला की बेल्ट ढिले: ट्रेलरवरची अवजड मशीन का सरकते आणि काय करायचं

तक्रार ठरलेली असते. भोसरीत किंवा चाकणला जुनी पॉवर प्रेस, लेथ नाहीतर मोल्डिंग मशीन फ्लॅटबेड ट्रेलरवर ठेवली. हायड्रा क्रेनवाला उचलायचे पट्टे, म्हणजे स्लिंग, काढून मोकळा झाला. ड्रायव्हर-क्लीनरनं चार बेल्ट मारले, बेल्ट ताणायच्या खटक्यावर, म्हणजे रॅचेटवर, लटकून दम लागेपर्यंत ओढले आणि गाडी कोल्हापूरच्या वाटेला लागली. खेड शिवापूरच्या नाक्यावर उतरून बघावं तर बेल्टखाली अख्खा हात जातो. पुन्हा ओढले. खंबाटकी चढून पलीकडे उतरलं की पुन्हा तेच. मग फोनवर निकाल लागतो: बेल्ट हलके आहेत, पुढच्या खेपेला दोन जास्त मारा.

दोन जास्त मारूनही ढिले पडतातच, कारण बिघाड बहुतेक वेळा बेल्टात नसून मशीनच्या बुडाखाली असतो. बेल्ट ओढत बसण्याआधी तिथे बघायला हवं.

आधी रेघ मारा

लोडिंग झालं की मशीनच्या चारही पायांभोवती ट्रेलरच्या पत्र्यावर खडूनं रेघ ओढा. पावसाळा असेल तर पेंट मार्कर वापरा. खाली लाकूड असेल तर दोन रेघा लागतात: एक मशीन आणि लाकूड यांच्या सांध्यावर, दुसरी लाकूड आणि पत्रा यांच्या सांध्यावर. पहिल्या थांब्यावर बेल्टला हात लावायच्या आधी या रेघा बघायच्या.

रेघ जागेवर आणि बेल्ट ढिला, तर मशीन हललेली नाही. खालचं लाकूड दबलं असेल, बेल्ट ताणला गेला असेल, कोपऱ्यावर अडकलेला भाग सुटून खाली आला असेल. असा बेल्ट ओढून घेतला की काम झालं. पहिल्या टप्प्यात एवढं होणारच.

रेघ बोटभर जरी सरकली असेल, तर नुसता बेल्ट ओढून पुढे जाऊ नका. मशीन एकदा सरकली म्हणजे खालची पकड सुटलेली आहे, पुढच्या ब्रेकला ती आणखी सरकणार. आणि मशीन सरकल्यानं बेल्टाचा कोन बदलला आहे, म्हणून तो ढिला दिसतोय. तो ओढला की वरून घट्ट वाटतो आणि खरा दोष झाकला जातो. घाट लागायच्या आत, सपाटीवर, जिथे हायड्रा बोलावता येईल तिथे गाडी बाजूला घ्या. शिरवळच्या एमआयडीसीत हायड्रा मिळते, खंबाटकीच्या वळणावर कोण येणार?

पाच टनी बेल्ट पाच टन दाबत नाही

सगळ्या गैरसमजाचं मूळ इथे आहे. ५० मिमी पॉलिस्टर बेल्टावर निळं लेबल असतं. त्यावर एलसी म्हणून २५००, आणि यू आकारात गुंडाळला तर ५००० असा आकडा असतो. एकक डेकान्यूटन, म्हणजे आपल्या हिशेबानं ढोबळमानानं किलोच. ही झाली बेल्टाची सहन करायची ताकद. त्याच लेबलावर एसटीएफ नावाचा आणखी एक आकडा असतो, तो कुणी वाचत नाही. माणसानं हातानं रॅचेट ओढल्यावर बेल्टात खरोखर किती ताण उरतो ते तो सांगतो. साध्या रॅचेटला तो ३०० ते ३५० किलोच्या आसपास असतो. लांब हँडलच्या रॅचेटला जास्त मिळतो, पण पाच टनांच्या जवळपासही तो जात नाही.

आता हिशेब करून बघू. मशीन १२ टनांची. जोरात ब्रेक लागला तर पुढच्या दिशेनं वजनाच्या ०.८ पट जोर धरायचा, असं युरोपचं ईएन १२१९५-१ हे मानक सांगतं. बाजूला आणि मागे ०.५ पट. अमेरिकेच्या नियमातही हेच आकडे आहेत. म्हणजे पुढे ९,६०० किलोचा धक्का अडवायचा आहे.

मशीनचा लोखंडी पाया थेट ट्रेलरच्या चेकर्ड प्लेटवर, म्हणजे नक्षीच्या पत्र्यावर, असेल तर लोखंडावर लोखंडाचं घर्षण ०.१ ते ०.२. मधला ०.१५ धरला तर नुसत्या वजनानं १,८०० किलो अडतात. उरले ७,८००. वरून मारलेला एक बेल्ट दोन्ही बाजू मिळून ढोबळमानानं ६०० किलो दाबतो. त्याला ०.१५ नं गुणलं की हाती येतात ९० किलो. आता ७,८०० ला ९० नं भागा: ८७ बेल्ट. चाराचे सहा केल्यानं काय फरक पडणार?

तेच मशीन अँटी-स्लिप रबर मॅटवर ठेवलं तर घर्षण ०.६ पर्यंत जातं. मशीनच्या वजनानंच ७,२०० किलो अडले. उरले २,४००. प्रत्येक बेल्ट आता ९० ऐवजी ३६० किलोचं काम करतो. सात बेल्टांत हिशेब बसतो. बाजूचा ०.५ चा धक्का, म्हणजे ६,००० किलो, तर कागदावर रबरानंच अडवला.

हे सोपं करून मांडलेलं गणित आहे, सुरक्षिततेसाठी जी घट धरतात ती यात धरलेली नाही. शिवाय खड्ड्यात गाडी उसळली की क्षणभर मशीन हलकी होते, तेव्हा घर्षणही तेवढंच कमी होतं. म्हणून रबर आहे म्हणून बेल्ट नको, असं कुणी म्हणू नये.

बेल्टाचा कोनही बघा. बेल्ट उभा खाली येत असेल तर पूर्ण दाबतो, ६० अंशांत आला तर सुमारे ८७ टक्के, ३० अंशांत आला तर निम्मा. लेथसारखी बुटकी मशीन रुंद ट्रेलरच्या मधोमध ठेवली की बेल्ट जवळजवळ आडवा जातो. अशा बेल्टानं दाबण्याची अपेक्षाच धरू नका.

बुडाखालची दुरुस्ती

पहिलं हत्यार झाडू. आधीच्या खेपेची वाळू, सिमेंटची भुकटी, कॉइलचं तेल पत्र्यावर तसंच असतं आणि त्यावर मशीन उतरते. मशीनच्या पायालाही कूलंट आणि ग्रीस माखलेलं असतं. मशीन हायड्रावर लटकत असतानाच पाय पुसून घ्यायचे असतील तर लांब काठीला फडकं बांधा, लटकत्या मशीनखाली हात घालायचा नाही.

रबराबाबत एक चूक जिकडेतिकडे दिसते. लाकडावर रबर टाकतात, त्यावर मशीन ठेवतात, पण लाकूड आणि पत्रा यांच्यात काहीच नसतं. मग मशीन लाकडाला घट्ट चिकटते आणि लाकडासकट सरकते. म्हणूनच वर दोन रेघा सांगितल्या. पत्रा, रबर, लाकूड, रबर, मशीन असा थर हवा. जो थर सगळ्यात निसरडा तोच खरा धरायचा.

विकतची मॅट नसेल तर जुन्या कन्व्हेयर बेल्टाचे तुकडे चालतात. साखर कारखान्याच्या भंगारात आणि क्रशरवर ते पडलेले असतात. लोखंडावर लोखंडापेक्षा ते पुष्कळ बरे, पण झिजून गुळगुळीत झालेल्या तुकड्याला ०.६ धरू नका.

लाकूड वाळलेलं आणि टणक हवं. ओल्या आंब्याच्या फळ्या किंवा पॅलेटच्या पोकळ पट्ट्या १२ टनांखाली दबतात, आणि लाकूड जेवढं दबलं तेवढा बेल्ट ढिला. आयताकृती ठोकळा असेल तर रुंद बाजू खाली. उंची मिळावी म्हणून ठोकळा अरुंद कडेवर उभा करतात, तो ब्रेकला लोळतो आणि मशीन धाडकन खाली बसते.

अडवणं आणि बांधणं ही दोन वेगळी कामं

पुढे सरकू द्यायचं नसेल तर पुढे काहीतरी अडसर हवा. मशीन थेट पुढच्या हेडबोर्डला टेकवणं हा सरळ उपाय दिसतो, पण तसं केलं की सगळं वजन किंगपिनवर (ट्रेलर घोड्याला जोडणारी पिन) आणि घोड्याच्या, म्हणजे ओढणाऱ्या इंजिन-गाडीच्या, मागच्या ॲक्सलवर येतं. एकूण वजन मापात असूनही एक ॲक्सल काट्यावर जास्त दाखवू शकतो. म्हणून मशीन आपल्या जागी ठेवून तिच्या पायांपुढे ट्रेलरच्या पत्र्यावर अँगलचे तुकडे वेल्ड करतात. नुसता पत्रा पकडून वेल्ड केलेला अँगल पत्र्यासकट उखडतो, तो खालच्या क्रॉस मेंबरवर, म्हणजे चॅसीच्या आडव्या पट्टीवर, यायला हवा. पायाच्या उंचीचा तुकडा असेल तर त्याच्या मागे तिरकी पट्टीही द्या.

वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प वेल्डच्या शेजारी लावा. मशीनला लावून वेल्ड करणारे महाभाग आहेत. करंट बेअरिंगमधून किंवा सीएनसीच्या कंट्रोल पॅनेलमधून गेला तर नुकसान पोहोचल्यावरच कळतं, आणि मग बिल्टी हातात घेऊन भांडण सुरू होतं. गाडीच्या बॅटरीची वायरही काढून ठेवा.

यानंतर थेट बांधणी. वरून गुंडाळलेला बेल्ट फक्त दाबतो. मशीनच्या फ्रेमला पकडून तिरकी खाली ट्रेलरला बांधलेली चेन मात्र प्रत्यक्ष ओढून धरते, आणि तिची पूर्ण ताकद कामाला येते. ग्रेड ८० ची ८ मिमी लॅशिंग चेन ४,००० किलोची, १० मिमी ६,३०० किलोची. ८ मिमीच्या दोन चेन मशीनच्या पुढच्या भागापासून मागे, जमिनीशी ४५ अंशांत आणि बाहेरच्या बाजूला ३० अंश फाकवून नेल्या, तर पुढच्या धक्क्याला प्रत्येकी साधारण २,४०० किलो अडवतात. रबरावरच्या १२ टनी मशीनला जे २,४०० कमी पडत होते ते एका चेननं भागले, दुसरी मार्जिन. अशाच दोन चेन मागच्या भागापासून पुढे. चार चेन आणि वरून दोन-तीन बेल्ट, एवढ्यात बांधणी पक्की होते. हार्डवेअरच्या दुकानातली मार्क नसलेली साखळी वरून तेवढीच जाड दिसते, तिच्यावर हा हिशेब लावू नका.

पार्टीला मात्र फोटोत पिवळे-केशरी बेल्ट जितके जास्त दिसतील तितकं समाधान. खालचं रबर फोटोत येत नाही.

चेन कुठे अडकवायची हे मशीनवर ठरतं. लेथला बेडच्या ओतीव भागाला पकडा. लीड स्क्रू किंवा फीड रॉडवरून बेल्ट गेला तर तो वाकणारच. सॅडल आणि टेलस्टॉक लॉक करा. लेथचा तोल हेडस्टॉककडे असतो, ती मध्य धरून बांधायची नाही. आय-बोल्ट, म्हणजे डोक्याला कडी असलेले बोल्ट, उचलण्यासाठी असतात, आडवं ओढण्यासाठी नाहीत. साधा आय-बोल्ट तिरक्या ओढीनं वाकतो किंवा मुळातून तुटतो.

ट्रेलरच्या बाजूच्या कडाही तपासा. सळईचे वाकवलेले हुक ताडपत्रीच्या दोरीसाठी असतात, चार टनांच्या चेनसाठी नाहीत. चेन थेट चॅसीला किंवा क्रॉस मेंबरला डी-शॅकलनं घ्या. टर्नबकल, म्हणजे चेन ताणायचा स्क्रू, घट्ट केल्यावर त्याला लॉकनट नाहीतर बाइंडिंग वायरचे दोन वेढे द्या. रस्त्याच्या थरथरीनं टर्नबकल आपोआप उलटं फिरतं.

मशीन उंच असेल तर

सी टाइप पॉवर प्रेस इथे त्रास देते. वजन वर, पाया लहान, फ्लायव्हील एका अंगाला. ती सरकायच्या आधी कलंडते. तपासणी सोपी आहे: पायाच्या रुंदीचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची. उत्तर ०.५ पेक्षा कमी आलं तर वळणावरच्या धक्क्यानं ती उभी राहील याची खात्री नाही. पाया १.२ मीटर रुंद आणि गुरुत्वमध्य १.५ मीटरवर असेल तर उत्तर येतं ०.४. अशा मशीनला बुडाशी कितीही चेन बांधा, ती वरून जाते.

माझ्या मते अशी प्रेस आडवी, पाठीवर झोपवून न्यावी. झोपवायला दोन क्रेन आणि जाणता रिगर लागतो, भाडंही वाढतं, म्हणून पार्टी कुरकुरते. उभीच न्यायची झाली तर रॅम, म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा भाग, खाली आणून लाकडी ठोकळ्यांवर टेकवा, फ्लायव्हील काढता येत असेल तर काढून वेगळं बांधा, आणि चारही चेन गुरुत्वमध्याच्या वर, फ्रेमला पकडून घ्या. उंची आधी मोजा. परवानगीपेक्षा बाहेर किंवा वर गेलेल्या मालासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) खाली २०,००० रुपये दंड आहे, आणि माल उतरवायचा खर्च वेगळा. मापाबाहेरचा माल असेल तर ओडीसीची (ओव्हर डायमेन्शनल कार्गो) परवानगी आधी काढायची, गाडी नाक्यावर अडल्यावर नाही.

बेल्टाचे स्वतःचे रोग

बुड नीट आहे, रेघही हललेली नाही, तरी बेल्ट पुन्हापुन्हा ढिला पडतोय, तर मग बेल्टाकडे वळा.

रॅचेटच्या दांड्यावर किमान दीड वेढा हवा, नाहीतर बेल्ट निसटतो. तीनपेक्षा जास्त वेढे झाले की गुंडाळी फुगते आणि दात नीट बसत नाही. रॅचेट लावायच्या आधी हातानंच सगळी ढील ओढून घ्या. कोपऱ्यावर काही न घालता बेल्ट ओढला तर ताण रॅचेटच्या बाजूलाच अडकतो, पलीकडची बाजू नावापुरती ताठ असते. पुढे धक्के बसले की तो ताण वाटला जातो आणि रॅचेटची बाजू ढिली दिसते. कोपऱ्याला प्लास्टिकचा कॉर्नर किंवा टायरचा तुकडा घाला, बेल्ट कापायचाही वाचतो. रॅचेट एकाआड एक, एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवले की ओढ समान राहते.

गाठ मारलेला बेल्ट निम्म्या ताकदीचा समजा. कडा फाटलेला, ऊन खाऊन कडक झालेला किंवा लेबल गेलेला बेल्ट ताडपत्रीला वापरा. रॅचेटच्या हँडलला पाईप घालून ओढणं बंद करा. त्यानं फ्रेम वाकते, दात चुकतात, आणि तेच रॅचेट पुढच्या खेपेला अचानक सुटतं. नायलॉनची दोरी ओली झाली की सैलावते, तिचा मशीनच्या बांधणीशी काही संबंध नाही.

पोकलेन आणि पाईप

पोकलेनला वेगळाच आजार असतो. बूमवरून चेन घेतलेली असते, आणि तेल थंड झालं की बूम हळूहळू खाली बसते. चेन लोंबते आणि ड्रायव्हर म्हणतो, चेन वाढली. बकेट आधीच पूर्ण खाली टेकवा, स्विंग लॉक लावा, मुख्य चेन ट्रॅक फ्रेमला घ्या आणि बूमला स्वतंत्र चेन द्या. अमेरिकेत साडेचार टनांवरच्या अशा यंत्रांना किमान चार बंधनं सक्तीची आहेत, शिवाय बकेटसारखा भाग वेगळा बांधावा लागतो. ट्रॅकमधला चिखल खरवडून मगच चढवा, तो चिखल म्हणजे तेलच. टायरवाली जेसीबी टायरवर उसळते, म्हणून तिची चेन ॲक्सल किंवा चॅसीला खाली ओढून घ्यावी लागते.

पाईपांत बाहेरचे पाईप बेल्टानं दाबले जातात आणि आतले मोकळे राहतात. जोरात ब्रेक लागला की मधला एखादा पाईप बाणासारखा केबिनकडे येतो. त्याला उपाय म्हणजे भक्कम हेडबोर्ड आणि पाईपांची टोकं त्याला टेकलेली. बंडलला आधी स्वतंत्र फास घाला, मग ट्रेलरला बांधा, आणि दोन्ही बाजूंना उभे खुंट द्या. कोटिंग केलेल्या पाईपांना थरांमध्ये रबर लागतंच.

वाटेतले थांबे

अमेरिकेच्या नियमात पहिली तपासणी ५० मैलांच्या, म्हणजे साधारण ८० किलोमीटरच्या आत आहे. नंतर दर २४० किलोमीटरला किंवा तीन तासांनी. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरांना तेवढी वाट बघणं बरं नाही. भोसरीहून कोल्हापूरला जाताना पहिला थांबा खेड शिवापूर, दुसरा घाटाच्या आधी, तिसरा घाट उतरल्यावर सुरूरच्या आसपास, मग कराड. उलट्या दिशेनं येताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून आलात तर तो संपताच येणारं एस वळण आणि कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार, या दोन्हींच्या आधी थांबायचं. या उतारावर गिअर काढून गाडी सोडली आणि खाली करकचून ब्रेक मारला, तर वरचा सगळा हिशेब एका क्षणात पणाला लागतो.

प्रत्येक थांब्यावर क्रम एकच: आधी रेघ, मग लाकूड, मग चेन आणि टर्नबकल, शेवटी बेल्ट.

उतरवताना घाई होते. रात्री कोल्हापूरजवळ शिरोलीला गाडी लागते आणि हायड्रा यायच्या आधीच क्लीनर बेल्ट सोडायला घेतो. मशीन वाटेत कललेली असेल तर तिचं वजन त्याच बेल्टावर तोललेलं असतं. आधी रेघ आणि मशीनचा कल बघा, हायड्राचं स्लिंग लावून थोडा ताण घ्या, मग मशीन ज्या बाजूला कलली आहे तिच्या विरुद्ध बाजूला उभं राहून रॅचेट सोडा.